मुक्काम पोस्ट अतिक्रमण

नगरपालिकेत नोकरी करणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते अर्ज घेऊन आपल्या पायांनी येतात, समोरच्या खुर्चीत बसतात आणि विचारतात, "साहेब कधी भेटतील?" साहेब भेटेपर्यंत आपण नुसतं ऐकायचं. बावीस वर्षं ऐकते आहे. कपाटातल्या फायली वाळवीनं खाल्ल्या, पण किस्से तसेच्या तसे आहेत.

आमचं गाव कोणतं, ते सांगत नाही. अजून नोकरी शिल्लक आहे. नांदेडहून लातूरला जाताना एसटी जिथं चहाला थांबते आणि तुम्ही खिडकीतून बघून "कसलं गाव आहे हे" म्हणता, ते आमचं. लोह्याच्या अलीकडं की पलीकडं, हेही विचारू नका.

मी तिथं बांधकाम विभागात लिपिक. दोनेक वर्षांमागं वरून एक पत्र आलं. गावातल्या सगळ्या गरीब वस्त्यांची यादी करा, कागदावरचं नाव काय, लोकांच्या तोंडातलं नाव काय, ते कशावरून पडलं, हे लिहा, आणि एक नाव पक्कं करून बोर्ड लावा. यादीत ज्या वस्तीचं नाव पक्कं, तिथल्या लोकांना कबाला मिळणार. कबाला म्हणजे जागेचा कागद. निजाम गेला, पण कागदाचं नाव मागं ठेवून गेला.

या कामावर आम्ही तिघं. एक मी, लिहायला. दुसरे आमचे बिरादार साहेब, उदगीरकडचे, कपाळाला विभूती, रिटायर व्हायला आलेले. साहेब घरीसुद्धा शासकीय पत्रासारखं बोलतात. भाजीत मीठ कमी असेल तर "उचित कार्यवाही व्हावी" म्हणतात, असं त्यांच्या बायकोनंच मला सांगितलंय. तिसरा खाजाभाई पेंटर. त्याचं मराठी अक्षर असं, की शाळेतल्या गुरुजींनी शिकवणी लावावी. बोलतो मात्र दखनी.

आणि चौथी, कुणी न नेमलेली, कौसाबाई. ही नगरपालिकेच्या गेटापाशी मेथी, चुका, अंबाडी घेऊन बसते. बायपासच्या कडेच्या वस्तीत तिचं घर. ते आमच्याच ऑफिसच्या मशिनीनं दोनदा पाडलेलं, आणि ती आमच्याच गेटावर आम्हालाच भाजी देते. रोज सकाळी मी आत शिरताना ती विचारायची, "मॅडम, मव्हा कबाला?" मी म्हणायची, होईल की मावशी. नवीन पत्र आलं त्या दिवशी मी तिला थांबून सगळं समजावून सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "दोनदा पाडलं, दोनदा उभं केलं. तवा मालक होता. आता तिसऱ्यांदा पाडलं तर मव्हे गुडघे न्हाईत हो."

त्या दिवसापासून यादीचं काम मला यादीचं वाटेना.

*

पहिल्याच दिवशी गेलो डी. पी. नगरात. रजिस्टरला असंच लिहिलेलं, मध्ये टिंबं देऊन. बिरादार साहेबांनी विचारलं, हे डी. पी. म्हणजे कोण? लगेच एक पांढरे कपडे पुढं आले. म्हणाले, आमचे आजोबा, दगडूजी पाटील. गोरगरिबांसाठी ही जमीन त्यांनीच सोडली, म्हणून लोकांनी प्रेमानं नाव ठेवलं. साहेबांनी मला खूण केली, मी आदरानं लिहून घेतलं.

बाजूला एक म्हातारा बिडी ओढत बसला होता. त्यानं पाठीमागच्या वीजवाल्यांच्या ट्रान्सफॉर्मरकडं बोट केलं. "ह्यो बगा डीपी. आमी आलो तवा हितं ह्याच्याबिगर काईच नव्हतं. कुठं राहता म्हनलं की सांगायचो, डीपीपाशी."

पांढरे कपडे चिडले. म्हणाले, डीपी तर डीपी, पण डीपीला जागा कुणी दिली?

पुढं काय व्हायचं ते झालं. त्यांनी आजोबांची जयंती सुरू केली. फोटो कुणाकडंच नव्हता. आता दरवर्षी जयंतीचा हार ट्रान्सफॉर्मरलाच घालतात. लाइनमन आधी करंट बंद करतो आणि तेवढा तासभर सगळं डी. पी. नगर पंख्याविना बसून राहतं, श्रद्धेनं!

*

बाराखोल्या नावाची वस्ती आहे. कधीकाळी रस्त्याच्या कामावरच्या मजुरांसाठी सरकारनं बारा खोल्या बांधल्या, म्हणून बाराखोल्या. आता तिथं घरं किती ते मोजायला गेलो तर दोन माणसं आणि एक बकरी वाटेत आडवी येतात, इतकी दाटी.

साहेबांचं म्हणणं, मूळ बारा खोल्यांत कोण राहत होतं ते शोधा, म्हणजे इतिहास व्यवस्थित होईल. मी वही घेऊन दारोदार फिरले. पहिल्या घरी सांगितलं, आमचा आजा मूळ बारांतला. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तर खोलीचा नंबरही सांगितला, सात. पुढच्या गल्लीत आणखी तीन जण सात नंबरवाले निघाले.

संध्याकाळी वही बघितली. मूळ बारा खोल्यांत एकेचाळीस कुटुंबं राहत होती.

मी साहेबांना म्हटलं, कुणीतरी खोटं बोलतंय. साहेबांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "खोटं कशावरून? आजमितीसही एका खोलीत चार कुटुंबे वास्तव्यास आहेत." मी एकेचाळीसच्या एकेचाळीस लिहून टाकली.

*

नवी वस्ती माझ्या जन्माच्या आधीची. तिच्या पलीकडं नंतर आणखी एक वस्ती झाली. तिला नवी म्हणावं तर नाव आधीच गेलेलं, म्हणून ती झाली नवी नवी वस्ती. पुढं ओढ्याकाठी तिसरी झाली. तिचं नाव काय असेल ते तुम्हीच सांगा.

नाही, चुकलात. तिचं नाव जुनी वस्ती. कारण पत्रे जुने वापरलेत.

*

आता खाजाभाईचा स्वतःचा किस्सा. तो ज्या मोहल्ल्यात राहतो त्याला दुबई म्हणतात. फार मागं तिथल्या एका गड्यानं सांगितलं, मी दुबईला निघालो. सगळ्या मोहल्ल्यानं हार घातले, गळ्यात पडून रडले, एसटीत बसवून दिलं. चार महिन्यांनी कुणीतरी नांदेडला गेलं, तर स्टेशनबाहेर हाच ऑटो घेऊन उभा! परत आल्यावर लोक त्याला दुबई म्हणायला लागले. मग त्याच्या गल्लीला. मग सगळ्या मोहल्ल्याला.

खाजाभाईच्या पुतण्यासाठी मुखेडहून स्थळ आलं. मध्यस्थानं मुलीच्या बापाला सांगितलं, पोरगा दुबईत राहतो, एसीचं काम करतो. दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या. पोरगा राहायचा दुबईत आणि कूलर-एसी दुरुस्त करायचा. खाजाभाई आजही अल्लाची शपथ घेऊन सांगतो, "हमने एक लफ्ज झूट नै बोला, मॅडम. उनोच ज्यादा खुश होगे."

साखरपुड्याला पोरगा मुखेडला पोचला. उशीरच झाला होता. सासऱ्यानं मोठ्या कौतुकानं सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं आणि चार पाहुण्यांना ऐकू जाईल असं विचारलं, दुबईहून किती वाजता निघालात?

पोरगा म्हणाला, "साडेनऊला. ऑटोच मिळेना लवकर."

लग्न झालं बरं का. पोरगी हुशार आहे. ती म्हणते, खऱ्या दुबईला असते तर दोन वर्षांनी एकदा दिसले असते.

*

लातूर-नांदेडकडं पाण्याचं नाव काढलं की माणसं हळवी होतात. आमच्याकडं एक वस्ती आहे, टाकीखाली. पत्ता सांगताना लोक "मी टाकीखाली राहतो" असं सांगतात. आम्ही तिघं गेलो, वर बघितलं. आभाळ.

टाकी मंजूर झाली होती म्हणे. भूमिपूजन झालं, नारळ फुटला, फोटो निघाले. लोक जवळ पाणी मिळेल म्हणून येऊन राहिले. टाकी तेवढी यायची राहिली.

बिरादार साहेबांनी शेरा लिहायला घेतला : टाकी अस्तित्वात नसल्याने सदर नाव वगळण्यात यावे. तर वस्तीतल्या बाया साहेबांभोवती गोळा झाल्या. एरवी साहेबांना कुणी अडवलं की ते नियम सांगतात. त्या दिवशी त्यांनी पेन टोपणात घातलं. कारण त्यातली एक, डोक्यावर दोन घागरी तशाच ठेवून, म्हणाली, "साहेब, नाव ऱ्हाऊ द्या. नाव गेलं म्हंजे मग टाकी मागायची कशावरनं?"

खाजाभाईनं तो बोर्ड फुकट रंगवला. वर कोपऱ्यात छोटी टाकीही काढली. ती मात्र भरून वाहणारी आहे.

*

हा किस्सा मी सहसा सांगत नाही. पण आता बसलोच आहोत तर ऐका.

काही वस्त्यांची नावं जातीवरून होती. ती बदलायचा आदेश आला, आणि चांगलाच आदेश होता. आम्ही एका अशा वस्तीचं नाव बदलून गुलमोहर नगर केलं. ठराव झाला, बोर्ड लागला, पेढे वाटले. मला मनापासून बरं वाटलं होतं.

महिन्याभरानं एक शिक्षिका ऑफिसात आली, रहिवासी दाखल्यासाठी. अर्जावर लिहिलेलं, रा. गुलमोहर नगर. आमच्या टेबलावर नवीन आलेला एक क्लार्क होता. तो म्हणाला, हे कुठं आलं? शेजारच्यानं सांगितलं, अरे ते नाही का, आधी ज्याला अमुक म्हणायचे, तेच. आणि ते अमुक त्यानं मोठ्यानं म्हटलं. तिच्यासमोर.

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "मॅडम, आधी एका शब्दात कळायचं. आता दोन वाक्यं लागतात."

मला मान वर करता येईना. दाखला मीच टाइप केला, मीच सहीला नेला, आणि बाहेर गेटापर्यंत तिला सोडायला गेले. त्यानं काय झालं? काही नाही. पण बसवत नव्हतं.

*

आता कौसाबाईच्या वस्तीवर येते. इतका वेळ मुद्दाम टाळत होते.

या वस्तीचं नाव अतिक्रमण. टोमणा नव्हे, नावच. झालं असं, की तिथं पाच-पन्नास खोपटी उभी राहिली तेव्हा त्यांना नाव नव्हतं. नाव द्यायला कुणाला फुरसत होती? नगरपालिकेच्या नोटिसा यायच्या, त्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असायचं "अतिक्रमण". तेवढाच एक शब्द त्या वस्तीबद्दल कुणीतरी कागदावर लिहिला होता. लोकांनी तो उचलला. रेशनकार्डाला पत्ता अतिक्रमण. मतदान कार्डाला अतिक्रमण. आधारला अतिक्रमण. चौकात ऑटोवाले ओरडतात, "चला अतिक्रमण, अतिक्रमण, अतिक्रमण, दोन सीट!" लग्नाच्या पत्रिकांवरसुद्धा छापलेलं मी बघितलंय : विवाहस्थळ, मारुती मंदिरासमोर, अतिक्रमण.

यादीत मी प्रामाणिकपणे लिहिलं. वस्तीचे नाव : अतिक्रमण. जागेचा प्रकार : अतिक्रमण. साहेबांनी शेरा मारला : सदर अतिक्रमण नियमानुकूल करण्यास हरकत नाही. फाइल वर गेली.

तीन महिने कौसाबाई रोज विचारायची आणि मी रोज वर बोट दाखवायची. मग फाइल परत आली. तिला जोडलेलं पत्र मला पाठ आहे. "अतिक्रमण येथील अतिक्रमण हे अतिक्रमण आहे किंवा कसे, याबाबत स्वयंस्पष्ट खुलासा करावा."

बिरादार साहेबांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं. मग आयुष्यात पहिल्यांदा साध्या मराठीत बोलले. म्हणाले, "याच्या आयला."

खुलासा तर करायचाच होता. साहेबांनी लिहिला : "अतिक्रमण हे नावाने अतिक्रमण असून प्रकारानेही अतिक्रमण आहे, तथापि अतिक्रमण नियमानुकूल झाल्यास ते केवळ नावाने अतिक्रमण राहील." मला तर वाटलं यावर कुणीतरी साहेबांना बक्षीस द्यावं. पण फाइल पुन्हा आली. या वेळी एकच ओळ होती. नाव बदला, मग बघू.

मी गेटावर जाऊन कौसाबाईला सांगितलं, मावशी, नावामुळं अडलंय. ती जुडी बांधत होती. म्हणाली, नाव तर तुमच्याच हापिसानं ठेवलं. हे खरंच होतं. मी त्या दिवशी लागत नसताना दोन जुड्या अंबाडी घेतली.

*

नाव ठरवायला मारुतीच्या पारावर बैठक बसली. गरिबांच्या वस्तीच्या बैठकीला पुढारी किती येतात, ते बघायचं असेल तर नाव ठेवायची बैठक लावा. प्रत्येकाचे वडील थोर निघाले. एकानं वडील जिवंत असताना त्यांचं नाव सुचवलं. वडील तिथंच बसलेले. ते म्हणाले, मला अजून घाई नाही.

दीड तास झाला. आवाज चढले. एकमेकांच्या थोर वडिलांबद्दल दुसरी माहिती बाहेर यायला लागली. साहेबांनी उठून सांगितलं, आज नाव ठरलं नाही तर फाइल पुढच्या वर्षावर जाईल. मग मात्र बायांच्या बाजूनं कौसाबाई उठली. तिला उठायला वेळ लागतो, एक हात जमिनीला टेकावा लागतो. तेवढ्या वेळात भांडणारे खाली बसले.

ती म्हणाली, "मला कुणाच्या बापाचं काई म्हननं न्हाई. नाव कोनतं बी द्या. पर असं द्या, की त्याच्या म्होरं 'हटाव' म्हनता आलं न्हाई पायजे."

मग खाजाभाईनं, तो बोर्डाचं माप घ्यायला आला होता, एकेक नाव म्हणून बघायला सुरुवात केली. गुलाबनगर हटाव. जमलं, म्हणजे बाद. शांतीनगर हटाव. बाद. हळूहळू सगळी बैठकच त्यात पडली. कुणीतरी नाव म्हणायचं आणि मागून बाया कोरसमध्ये "हटाव" म्हणायच्या. आमचे साहेबसुद्धा ओठातल्या ओठात म्हणून बघत होते. असं करता करता कुण्या सुनेनं मागून म्हटलं, माहेर नगर.

सगळ्या बायांनी तोंड उघडलं, आणि "हटाव" कुणी म्हणेना.

पुरुषांतून एक जण कुरकुरला, म्हणाला हे काय नाव, आम्ही काय मग घरजावई? कौसाबाई तोवर खाली बसली होती. बसल्या जागेवरून म्हणाली, "मग ऱ्हावा की नीट, जावयासारखं."

ठराव एकमतानं पास.

*

माहेर नगरची फाइल एका महिन्यात मंजूर होऊन आली. कुणी काही विचारलं नाही, किंवा कसे म्हणून.

कबाले वाटायचा कार्यक्रम झाला. मंडप, माइक, पाहुणे, सगळं. आणि वस्तीच्या तोंडाशी, अगदी बायपासला लागून, दोन लोखंडी खांब रोवून त्यावर प्रचंड मोठा बोर्ड. माहेर नगर आपले सहर्ष स्वागत करीत आहे. नाव मधोमध, आणि वर-खाली-आजूबाजूला अकरा जणांचे फोटो. खाजाभाईला त्यात फक्त 'माहेर नगर' एवढंच रंगवायला मिळालं, बाकी सगळं प्रिंट होतं. तो नाराज होता. म्हणाला, नामच छोटा होगया, मॅडम.

कौसाबाईनं कबाला हातात घेतला तेव्हा ती स्टेजवर कुणाच्या पाया पडली नाही. खाली उतरून सरळ माझ्याकडं आली आणि म्हणाली, वाचा. मी वाचला. तिचं नाव, तिच्या मालकाचं नाव, चारही बाजूंच्या सीमा. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस रस्ता. तिनं मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "ह्यात पाडायचं कुठं लिवलंय?" मी म्हटलं, कुठंच नाही. तिनं पदरानं डोळे पुसले, आणि माझेही भरून आले, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला लॅमिनेशन करून आणलं.

बारा-पंधरा दिवस झाले असतील. सकाळी दहाच्या सुमाराला मी ऑफिसात नुकती येऊन बसले होते. गेटावर कौसाबाई नव्हती, ते माझ्या लक्षात आलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. तिच्या शेजारच्या सुनेचा होता. ती नुसती रडत होती. त्या रडण्यात मला दोनच शब्द कळले : जेसीबी आणि मावशी.

मी साहेबांना काही न सांगता बाहेर पळाले. गेटाशी खाजाभाई भेटला, त्याच्या गाडीवर मागं बसले. वाटेत मी त्याला दहादा विचारलं असेल, अरे नियमानुकूल झालंय ना, यादीत आहे ना, मी स्वतः टाइप केलंय ना. तो गाडी आणखी पळवत होता. बायपासला वळलो तर समोर पाडापाडीच्या पथकाची गाडी उभी, दोन पोलिस, आणि पिवळं जेसीबी धूर काढतंय. सगळं माहेर नगर रस्त्यावर. बायांनी घरातली भांडी बाहेर आणून ठेवलेली. भांडी आधी बाहेर काढायची, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

आणि जेसीबीच्या बरोब्बर समोर कौसाबाई. दोन्ही हातांनी कबाला छातीपुढं धरलेला, अक्षरं ड्रायव्हरकडं करून. लॅमिनेशन उन्हात चमकत होतं. ती जाग्यावरून हलत नव्हती.

ड्रायव्हर मुंडकं बाहेर काढून म्हणत होता, "मावशी, सरका की वो. तुमच्या घराला कोन हात लावायलंय?"

मी पथकाच्या साहेबाकडं धावले. कागद बघितला. रस्ता रुंदीकरणाच्या हद्दीत साडेतीन फूट आत आलेलं बांधकाम, तातडीनं काढणे. घराचा उल्लेख नव्हता. एकाही घराचा नव्हता. मी कागद दोनदा वाचला, मग जाऊन कौसाबाईचा दंड धरला आणि तिला हळूच बाजूला घेतलं.

जेसीबी पुढं गेलं. दात वर उचलले. आधी डावा खांब वाकला, मग उजवा. अकरा फोटोंसकट बोर्ड खाली आला आणि धुरळा उडाला. मग ट्रॉली आली, बोर्ड तीत टाकला, आणि त्यावर एकानं खडूनं लिहिलं, अतिक्रमण.

ट्रॉली वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत कौसाबाई बघत राहिली. मग कबाला काखेत मारला आणि मला म्हणाली,

"का वो मॅडम, त्याचा कबाला काढला नव्हता का?"